कार्डाची पाठ

कुणीही काहीही हातात दिलं की काका ते आधी उलटं करायचे. लग्नाची पत्रिका, औषधाची बाटली, दिवाळीच्या मिठाईचा डबा, कुणाचं व्हिजिटिंग कार्ड, काहीही असो. पुढची बाजू बघायची त्यांना कधी घाई नसायची. डाव्या हाताने चष्मा कपाळावर ढकलायचा, वस्तू नाकाजवळ न्यायची, मागचं सगळं अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं आणि मग म्हणायचं, "पुढचं दाखवायला असतं. पाठ बघा, पाठ."

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. नसेल तर सांगते, त्याची सवय व्हायला वेळ लागतो. ते ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी रिकामं ताट उलटं करून बघितलं. मला वाटलं, नीट घासलंय का बघताहेत. मी नागपूरची, मला राग यायला फार वेळ लागत नाही. काकूंनी माझा चेहरा ओळखला आणि म्हणाल्या, "अगं, मनावर घेऊ नकोस. मला बघायला आले होते तेव्हा कपबशीसुद्धा उलटी केली होती. चहा आधी संपवला होता, एवढंच माझं नशीब."

काका मूळचे निपाणीचे. इंजिनियर होऊन ह्यूस्टनला आले, तीस वर्षं तेलाच्या पाइपलाइन टाकल्या आणि रिटायर झाल्यावर बेसबॉलची जुनी कार्डं जमवायला लागले. बेसबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. त्यांच्या घरी मॅच बघायला आलेल्या एका अमेरिकन शेजाऱ्याला त्यांनी विचारलं होतं, "हे सगळे अधूनमधून नुसते उभे का असतात?" तो शेजारी परत आला नाही. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं कार्ड समोर ठेवा, काका तासभर बोलायचे, आणि त्या तासात खेळाचा एक शब्द यायचा नाही.

"हे सिगरेटच्या पाकिटातलं," ते सांगायचे. "तेव्हा पाकीट कागदाचं, लिबलिबीत. सिगरेटी मोडू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालायचे. कोणाच्या तरी डोक्यात आलं, हा कोरा कशाला ठेवायचा? पुढे खेळाडू छापा, मागे आपली जाहिरात छापा. मग दुकानाबाहेर पोरं उभी राहायला लागली. बाहेर येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे चित्र मागायची. बाप कुठली सिगरेट ओढणार हे पोरगा ठरवायला लागला. आता सांगा, हा खेळाचा इतिहास आहे की दुकानाचा?"

आपण म्हणायचं, दुकानाचा. म्हणजे ते पुढच्या कार्डाकडे वळायचे. कॅरॅमलवाल्याचं, पाववाल्याचं, कपडे शिवणाऱ्याचं. चित्र छापून तयार, मागची बाजू कोरी, आणि गावोगावच्या दुकानदारांनी तिथे आपापला शिक्का मारलेला. त्या शिक्क्यांवरून काका सांगायचे, या गावात तेव्हा रेल्वे आली असणार, इथे जर्मन लोक राहत असणार, इथल्या बायका घरी पाव भाजायचं सोडत असणार. ते चुकतही असतील. पण इतक्या ठामपणे चुकणाऱ्या माणसाला थांबवायचं कसं, ते मला आजही माहीत नाही.

आमची खरी गाठ पडली ती मराठी मंडळाच्या दिवाळी अंकामुळे. मी त्या वर्षी संपादक झाले होते आणि डोक्यात हवा होती. मी ठरवलं, जाहिराती कमी करायच्या, साहित्य वाढवायचं. मीटिंगमध्ये हे जाहीर केलं तर मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "संपादिकाबाई, कविता कमी करा."

काकांच्या मांडीवर जुन्या अंकांचा ढीग होता. ते एकेक अंक मागच्या पानापासून उघडत होते. "हे बघा. पहिल्या अंकात काय आहे? भारतात स्वस्त फोन करा. मग आले इमिग्रेशनचे वकील. मग तीन घरं विकणारे, दोन दातांचे डॉक्टर. मग मुलांचे गणिताचे क्लास. आणि गेल्या वर्षी बघा, आजी-आजोबांसाठी डे-केअर, व्हेजिटेरियन जेवणासकट. आपण कधी आलो, कधी घर घेतलं, कधी म्हातारे झालो, सगळं लिहिलंय. शंभर वर्षांनी कोणी हा अंक उघडला तर हे वाचेल. तुमची पावसावरची कविता नाही वाचणार."

पावसावरची कविता माझीच होती. मी दोन दिवस फणफणले आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, काका, हे सगळं लिहून द्या, अंकात छापते. ते आढेवेढे घेत तयार झाले, आणि त्या दिवसापासून मला कायमचं "संपादिकाबाई" म्हणायला लागले.

लेखासाठी त्यांनी एकच कार्ड निवडलं. मी आधी कधी जवळून न पाहिलेलं. तळहाताएवढं, तपकिरी पडलेलं. त्यावर एक काळा तरुण, बेसबॉलचा गणवेश, खांद्यावर बॅट, आणि चेहऱ्यावर आपला फोटो कोण कशाला काढतंय असा भाव. खाली ओळ होती, ह्यूस्टनमधल्या एका बेकरीचं नाव आणि "ताजा पाव, गाडी रोज दारी".

"सिगरेटवाल्यांनी काळ्या खेळाडूंना कार्डावर घेतलंच नाही," काका म्हणाले. "त्यांच्या टीमच वेगळ्या होत्या. घेतलं ते थट्टा करायला, व्यंगचित्रात. आणि हे बघा. सरळ, साधा, माणसासारखा माणूस. एका बेकरीवाल्याने पैसे घालून छापला. असं दुसरं मी बघितलेलं नाही. पण नाव नाही. गोऱ्या खेळाडूला नाव असतं, गाव असतं, टीम असते. इथे बेकरीचं नाव आहे, पावाचं कौतुक आहे. माणसाचं नाव तेवढं नाही. चार वर्षं शोधतोय."

कार्ड त्यांनी माझ्या हातात दिलं, स्कॅन करायला. "जपून," एवढंच म्हणाले. "पाठ बघा" म्हणाले नाहीत. तिथेच मला खटकायला हवं होतं.

आता जे झालं ते सांगायला हवं. आमच्या घरी कागद जपणं म्हणजे लॅमिनेट करणं. माझ्या बाबांनी माझी दहावीची, बारावीची, इंजिनियरिंगच्या आठही सेमिस्टरची मार्कशीट लॅमिनेट केली होती. जन्माचा दाखला, रेशन कार्ड, आजोबांची पेन्शनची ऑर्डर, सगळं प्लॅस्टिकमध्ये. मी अमेरिकेला निघाले तेव्हा बाबांनी विमानाचं तिकीटसुद्धा करून आणलं होतं. आणि आमच्या मराठी शाळेचं लॅमिनेशनचं मशीन, बाराखडीचे तक्ते करायचं, माझ्याच डायनिंग टेबलावर असतं. कार्ड स्कॅन झालं. त्याचे कोपरे झिजलेले, कडेचा एक पापुद्रा सुटलेला. मला त्याची दया आली. मशीन गरम केलं आणि फार प्रेमाने ते कार्ड आत सरकवलं. इतकं सुरेख निघालं. एक फुगा नाही, एक सुरकुती नाही.

शनिवारी सकाळी चिवड्याच्या डब्याबरोबर मी ते काकांना नेऊन दिलं. त्यांनी सवयीने उलटं केलं आणि चष्मा कपाळावर ढकलला. मग प्लॅस्टिकची कड नखाने चाचपून बघितली. मागे काळा जाड कागद होता. मला तो पुठ्ठाच वाटला होता.

"ही एक पाठ वाचायची राहिली होती," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. कोणीतरी ते कार्ड पूर्वी अल्बममध्ये चिकटवलं होतं, आणि पुढे कोणीतरी ते अल्बमच्या पानासकट फाडून काढलं होतं. तो काळा कागद म्हणजे अल्बमचं पान. त्याच्याखाली पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं होतं, कार्ड उजेडात तिरकं धरलं की अक्षरांचा दाब जाणवायचा. जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एक बाई जानेवारीत तो कागद हलकेच सोडवून देणार होत्या. काकांची खात्री होती की खाली नाव आहे. आता तो कागद, ती पेन्सिल आणि तो माणूस माझ्या प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद झाले होते.

मी गाडीत बसून रडले. घरी आल्यावर त्या बाईंना फोन केला. त्या फार सभ्यपणे म्हणाल्या की प्लॅस्टिक काढलं तर चित्रही त्याच्याबरोबर येईल. ज्या माणसाचं "पाठ बघा" मी शंभरदा ऐकलं होतं, त्याच्या सगळ्यात लाडक्या कार्डाची पाठ मी नीट बघितली नव्हती. याहून मोठा मूर्खपणा मी आजवर केलेला नाही, आणि मी बरेच केले आहेत.

नऊ दिवस काकांचा फोन नाही. दहाव्या दिवशी आला.

"संपादिकाबाई, शनिवारी गाडी आहे का?"

"आहे ना, काका. कुठे जायचंय?"

"बेकरी जिथे होती त्या वस्तीत. मला आता हायवेवर ड्राइव्ह करायला डॉक्टर नाही म्हणतो. आणि हे बघा, मी विचार केला. इतकी वर्षं मी हे कार्ड दोन बोटांत धरून लोकांना लांबून दाखवत होतो. कोणाच्या हातात दिलं नाही. आता ते पाण्यात पडलं तरी चालतं. चला, फिरवू या."

आणि आम्ही ते फिरवलं. पहिल्या शनिवारी एका न्हाव्याच्या दुकानात. तिथे गिऱ्हाइकाच्या गळ्यातल्या टॉवेलवरून ते कार्ड चौघांच्या हातांतून गेलं, कोणाला काही माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा एका कम्युनिटी सेंटरमध्ये, जिथे म्हातारे डॉमिनो खेळत होते. त्यांनी डाव थांबवला नाही, पण कार्ड टेबलावर सोंगट्यांसारखं फिरलं. बेकरी एकाला आठवत होती, दालचिनीच्या वासासकट. माणूस नाही. काका निवांत होते. जणू वर्षानुवर्षं हेच काम करत आले होते. मी मात्र प्रत्येक वेळी गाडीत बसले की माफी मागायचे. शेवटी ते म्हणाले, "आता पुरे. तुमच्या माफीचंसुद्धा लॅमिनेशन करून ठेवा, मला लागेल तेव्हा बघीन."

तिसऱ्या वेळी आम्ही एका चर्चच्या रविवारच्या जेवणाला गेलो. एका टोकाला जांभळी हॅट घातलेली, नव्वदी ओलांडलेली एक बाई बसली होती. सगळे तिला मिस डेला म्हणत होते. कार्ड तिच्यापर्यंत पोचलं तेव्हा त्यावर ग्रेव्हीचा थेंब होता. तिने तो नॅपकिनने पुसला, कार्ड हातभर लांब धरलं आणि म्हणाली, "हा लाय इथे काय करतोय?"

काका उभे राहिले. "कोण?"

"एलायजा. माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ. आमच्या दिवाणखान्यात याचा सूट घातलेला फोटो आहे. कान बघा." तिने हॅट किंचित वर केली आणि आपला कान दाखवला. वरचं टोक बाहेर वळलेलं, अगदी कार्डावरच्यासारखं. "हा कान आमच्या घरातला आहे. पण तो बॉल खेळायचा हे मला कोणी सांगितलं नाही. मी बघितला तेव्हा तो म्हातारा होता. बेकरीची गाडी चालवायचा. रोज सकाळी दारात पाव."

गाडी रोज दारी. ज्याचा फोटो, त्याचीच गाडी. काकांनी ती ओळ चार वर्षं वाचली होती आणि त्यांच्या हे लक्षात आलं नव्हतं. त्यांनी शांतपणे खुर्ची ओढली, बसले आणि तो प्रश्न विचारला.

"मग त्याचं नाव का नाही छापलं?"

मिस डेला हसली. "नाव कशाला छापतील? त्या रस्त्यावर लायचं नाव माहीत नसलेलं कुत्रंसुद्धा नव्हतं. हे कार्ड आमच्याच घरांत वाटलं असणार. तो स्वतःच वाटत असेल, पावाबरोबर."

"पण गोऱ्यांची नावं छापायचे," काका म्हणाले. "ओळखीची असली तरी."

"तेही खरंच आहे," ती म्हणाली. "पण आमच्या रस्त्यावर हे खरं होतं. तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. आता मी एकटी उरले."

काकांनी कार्ड तिच्यापुढे ठेवलं. "हे तुमचं." ज्याच्यावरचं नाव चार वर्षं शोधलं, ज्याच्यासारखं दुसरं कुठेही सापडलं नाही, ते कार्ड. मिस डेलाने ते उलटं केलं आणि विचारलं, मागे काय आहे?

"ते बंद झालं," काका म्हणाले. "या बाईंनी केलं."

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. "बरं केलंस, बेबी," ती म्हणाली. "नाहीतर ती ग्रेव्ही त्याच्या तोंडावर असती."

परत येताना काका खिडकीबाहेर बघत होते. शुगर लँड जवळ आल्यावर एकदम बोलायला लागले. "आमच्याकडे विडीच्या बंडलावर मालकाचा फोटो असायचा. फेटा बांधलेला. आम्ही पोरं ती लेबलं जमवायचो. माझी आई जन्मभर विड्या वळायची. बोटं काळी पडलेली. एवढी बंडलं बांधली तिने, पण लेबलावर कधी विडी वळणारी बाई बघितली नाही मी. घरातसुद्धा तिचा फोटो नाही. या बेकरीवाल्याने गाडीवाल्याचा फोटो छापला. ते बघून मला राहवेना. वाटलं, फोटो आहे तर नाव पण सापडायला पाहिजे."

मी विचारलं, "आईंचं नाव काय होतं?"

"पारूबाई," ते म्हणाले. मला ते फार लागलं. मी त्यांना सहा वर्षं ओळखत होते आणि हे कधी विचारलं नव्हतं.

दिवाळी अंक निघाला. लेखात एलायजाचं पूर्ण नाव होतं, मिस डेलाने पुरवलेली सगळी माहिती होती. खाली लेखकाचं नाव घालायला काकांनी साफ नकार दिला. "कशाला? आपल्या मंडळात कोणाला माहीत नाही?" ते म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाले. अंक हातात आल्यावर आधी उलटा केला. मागच्या पानावर त्या वर्षी चक्क अंत्यसंस्कार करणाऱ्यांची जाहिरात होती, हिंदू पद्धतीने, पुरोहितासह. काकांनी ती मोठ्याने वाचून दाखवली. "बघा, आलंच शेवटचं पान," म्हणाले. काकू त्यांच्यावर खूप रागावल्या.

दोन उन्हाळे गेले आणि काका गेले. झोपेत, त्यांच्या मानाने फारच गुपचूप.

इथे अंत्यदर्शनाला एक छोटं कार्ड देतात, तुम्ही बघितलं असेल. पुढे माणसाचा फोटो, मागे दोन ओळी, आणि अगदी तळाला त्या अंत्यसंस्कारवाल्यांचं नाव आणि फोन. काकूंनी मजकूर बघायचं काम मला दिलं, कारण संपादिकाबाई मीच. मी ते कार्ड हातात घेतलं आणि मला हसू फुटलं, मग हसू थांबेना आणि मग रडूही थांबेना. पुढे माणूस, मागे दुकान. काकांनी हे बघायला हवं होतं. मी पुढे फक्त फोटो ठेवला, चष्मा कपाळावर ढकललेला. आणि मागे, फोन नंबरच्या वर, त्यांचं पूर्ण नाव. त्याखाली, पारूबाईंचा मुलगा, निपाणी. इंग्रजीत आणि मराठीत.

हॉलमध्ये दीडशे माणसं असतील. प्रत्येकाने कार्ड घेतलं, फोटो बघितला, "चष्म्याचा फोटो छान निवडला" म्हणून सांगितलं आणि कार्ड खिशात टाकलं. एकानेही उलटं केलं नाही. इतकी वर्षं "पाठ बघा" ऐकूनही. मला त्यांचा राग आला, आणि मग स्वतःचं लॅमिनेशन आठवून गप्प बसले.

मिस डेला भाचीचा हात धरून आली. तीच जांभळी हॅट. तिला मी कार्ड दिलं. तिने फोटोकडे बघितलंच नाही. आधी उलटं केलं, हातभर लांब धरलं आणि काकांचं नाव एकेक अक्षर सुटं करत वाचलं. पहिलं नाव चुकलं, मधलं चुकलं, आडनाव तर फारच चुकलं. मग पारूबाई, ते मात्र बरोबर.

"सगळं नीट छापलंय ना?" तिने विचारलं.

"हो. तीनदा तपासलं."

"बरं झालं," ती म्हणाली. "आज सगळ्यांना माहीत आहे. उद्या नसेल." आणि तिने कार्ड पर्समध्ये, एलायजाच्या शेजारी ठेवलं.